दासगावचे बंदर आणि पाच मैलांची वाट

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला आपल्या वस्त्यांतून महाडकडे गाड्या निघतात. निळे झेंडे लागतात, भीमगीते सुरू होतात, बायाबापड्या रात्रीच भाकऱ्या थापून ठेवतात. माणगाव मागे पडते, लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ दिसले की मुले खिडकीशी गर्दी करतात, वीर स्टेशन जाते आणि महाड जवळ आले म्हणून जो तो पिशव्या आवरू लागतो. नेमक्या त्याच वेळी रस्त्याला एक गाव लागते. त्याचे नाव दासगाव. गाव महामार्गावर आहे आणि त्याचे बंदर सावित्री नदीवर. वीस-बावीस वर्षे आम्ही महाडला जात आलो, पण आमची गाडी त्या गावात एकदाही थांबली नव्हती.

ती का थांबली नाही आणि यंदा का थांबवली, हे वाचकांना सांगितले पाहिजे. त्यात आमची एक चूक आहे, आणि चूक जाहीर भाषणातून झालेली असल्यामुळे तिची कबुलीही जाहीर असावी, असे आम्हाला वाटते.

मनुस्मृती दहन दिनाच्या कार्यक्रमात आम्ही कित्येक वर्षे एक वाक्य ठासून बोलत आलो. "बाबासाहेब दासगावला उतरले आणि मोर्चाच्या अग्रभागी चालत महाडला गेले!" वाक्य चांगले होते. टाळ्या पडायच्या. तीन वर्षांपूर्वी असेच बोलून आम्ही खाली बसलो, तेव्हा विहारातल्या एक वयोवृद्ध मावशी शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "बाबा, राग मानू नको. पण बाबासाहेब मोटारीने पुढे गेले होते. चालत आपली माणसं गेली. आमचे सासरे होते त्यात. ते सांगायचे."

आम्ही काय केले? आम्ही हसलो. "मावशी, ऐकीव गोष्टीत असा घोळ होतो," असे म्हणून त्यांनाच समजावले. मावशींची सारी हयात गिरणी कामगाराच्या खोलीत गेलेली, शाळा चौथीपर्यंत. आम्ही पदवीधर, चळवळीत वावरलेले. मावशी गप्प बसल्या.

पुढे एका व्याख्यानाची तयारी करताना धनंजय कीर यांचे बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा काढले. पान उलटले आणि आम्हाला आमचीच लाज वाटली. मावशींचे सासरे खरे सांगत होते.

त्या दिवशी काय घडले

सारी हकीगत थोडक्यात सांगतो, म्हणजे मुलांनाही वाचून दाखवता येईल.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालवलेल्या सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, पण ते फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले, तेव्हा तो ठराव प्रथम अमलात आला. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले. तळे 'बाटले' म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठरावही मागे घेतला. म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले.

या वेळी विरोधक सावध होते. त्यांनी दिवाणी कोर्टात धाव घेतली आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तळ्यावर जाण्यास मनाई करणारा तात्पुरता हुकूम मिळवला. परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. गावातले व्यापारी धान्य द्यायला तयार नव्हते, म्हणून शिधासामग्री बाहेरून आणावी लागली.

राहिला प्रश्न मुंबईहून महाडला जायचे कसे. तेव्हा दोन वाटा होत्या. एक धरमतरची. लाँचने धरमतरला उतरायचे आणि पुढे मोटारीने महाड गाठायचे. दुसरी समुद्रातून, बाणकोटच्या खाडीत शिरून सावित्री नदीने दासगावपर्यंत. धरमतरची वाट सोयीची होती, पण मोटारवाले ऐन वेळी शब्द फिरवतील आणि सारी माणसे वाटेत अडकतील, ही भीती होती. म्हणून दासगाव. तिथून महाड पाच मैल, आणि पाच मैल चालायला कोणाच्या मोटारीची मेहेरबानी लागत नाही.

२४ डिसेंबरला बाबासाहेब सुमारे दोनशे लोकांसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. २५ तारखेच्या दुपारी दासगाव बंदराला लागले. बंदरावर तीन हजारांवर सत्याग्रही त्यांची वाट पाहत उभे होते. तिथेच पोलीस अधिकाऱ्याने बाबासाहेबांच्या हाती जिल्हा मॅजिस्ट्रेटचे पत्र दिले. विनाविलंब महाडला येऊन भेटावे, असा निरोप होता. म्हणून बाबासाहेब आणि बापूसाहेब सहस्रबुद्धे पोलीस अधिकाऱ्याच्या मोटारीने पुढे गेले. मागे मोर्चा निघाला. शिस्तीने, रांगा धरून, घोषणा देत आणि गाणी म्हणत लोक महाडच्या मंडपाकडे चालत गेले. त्याच रात्री मंडपासमोर खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडला होता सहस्रबुद्धे यांनी.

म्हणजे त्या पाच मैलांवर बाबासाहेब नव्हते. सारी जबाबदारी साध्या माणसांवर होती. पुढे काय होणार ते ठाऊक नव्हते. मार्चमधल्या मारहाणीची आठवण ताजी होती. पुढारी पोलिसांच्या मोटारीत बसून गेलेला डोळ्यांदेखत दिसला होता. अशा वेळी घाबरून लोक पांगले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. पण ते पांगले नाहीत. आमच्या त्या टाळीच्या वाक्याने आम्ही वर्षानुवर्षे या माणसांच्या वाट्याचे श्रेय पुसत होतो. बाबासाहेबांना आमच्या खोट्या वाक्याची गरज नव्हती. या माणसांना मात्र खऱ्या वाक्याची गरज होती.

आगबोट म्हणजे काय?

मावशींची माफी मागायला आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "माफी काय मागतोस? मला ते बंदर एकदा दाखव. सासरे सांगायचे, पण मी कधी पाहिलं नाही."

असे ठरले. विहारातली चौदा माणसे तयार झाली. त्यात मावशी, दोन आजोबा, चार मुले आणि बाकी नोकरदार बायका-पुरुष. मुलांनी विचारले, "आगबोट म्हणजे काय?" तेव्हा ठरवले, निघायचे ते पाण्यावरूनच. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. तिच्या पोटात गाड्या चढतात आणि वर माणसे बसतात. ठरवलेली गाडी घेऊन आम्ही सकाळच्या फेरीला चढलो. मुलांना बोट नवीन. मावशींना मात्र तिचे अप्रूप नव्हते. "आमच्या वेळेला बोट म्हटलं की पोटात गोळा यायचा," त्या म्हणाल्या. 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेवर माणसे गेली. ती गोष्ट कोकणातल्या घराघरांत कितीतरी वर्षे सांगितली जात होती.

आपल्या लोकांचे आणि या आगबोटींचे नाते जुने आहे. महाड, मंडणगड, दापोली, चिपळूण या भागांतून आपली माणसे मुंबईला आली ती बहुतेक पाण्याच्या वाटेनेच. गोदी, गिरण्या, रेल्वे, बटलरची नोकरी, पलटण, जे मिळेल ते काम. शिमग्याला बोटीने गावी जायचे आणि बोटीनेच परतायचे. गावात महारवाड्याबाहेर पाऊल टाकताना अंग चोरणारा माणूस मुंबईच्या धक्क्यावर उतरला की ताठ चालू लागायचा. १९२७ साली हाच ताठ चालणारा माणूस त्याच बोटीने उलट गावाकडे निघाला, तो पाण्यावरचा आपला हक्क सांगायला. आमच्या मते 'पद्मावती'च्या फेरीचा खरा अर्थ हा आहे.

मांडव्याला उतरून पोयनाडमार्गे निघालो आणि धरमतरच्या पुलावर आलो. खाली खाडी. मुलांना सांगितले, "हीच ती दुसरी वाट, जिच्यावर भरवसा नव्हता." पुढे वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. दासगावला पोचायला दुपार झाली.

बंदरावर चिखल

खरे सांगायचे, तर पहिल्यांदा निराशा झाली. आमच्या मनात बंदर म्हणजे मोठा धक्का, दोरखंड, शिट्टी वाजवणारी बोट. समोर काय होते? ओहोटीची वेळ. पात्राच्या कडेला राखाडी चिखल, त्यात आडव्या पडलेल्या दोन-तीन होड्या, तिवरांची झाडे आणि पलीकडे डोंगर. एका मुलाने विचारलेच, "काका, पाणी कुठंय?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. जवळच जाळे दुरुस्त करत बसलेले एक वयस्क मुस्लिम गृहस्थ आमची गंमत पाहत होते. त्यांना सलाम केला, कुठून कशासाठी आलो ते सांगितले. ते म्हणाले, "बसा थोडा वेळ. ही नदी दिवसातून दोनदा समुद्र होते."

मग त्यांनी मुलांना गोळा करून समजावले. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोट-हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते. पण समुद्र तिथे थांबत नाही. भरतीच्या वेळी खारे पाणी खाडीतून आत आत चढत येते. पूर्वी बोटी याच भरतीच्या पाठीवर बसून वर यायच्या. तांडेलाला घड्याळापेक्षा चंद्राची तिथी पाठ असे. वेळ चुकली, तर बोट गाळात रुतून पुढच्या भरतीची वाट पाहत बसायची. नंतर पात्रात गाळ भरत गेला, रस्ते झाले, मोटारी आल्या आणि बंदराचे दिवस सरले. १९९३ साली कोकण रेल्वेची गाडी वीरपर्यंत आली. आता बोटीने कोण येणार?

चाचा सांगत होते ते आम्ही मनात नोंदवत होतो. २०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग 'राष्ट्रीय' ठरवले गेले, त्यात सावित्रीचेही नाव आहे. पण प्रवासी बोट काही दासगावला आली नाही. चवदार तळ्याचा ठरावही तीन वर्षे असाच कागदावर होता. कागदावरच्या गोष्टीला पाय लागतात ते माणसांनी लावले तरच.

झाडाखाली बसून शिदोरी सोडली. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा. चाचांनाही आग्रह केला. त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला आणि घरून पिण्याच्या पाण्याची कळशी मागवली. मावशींनी पाणी प्यायले, तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "सासरे सांगायचे, इथं तेव्हा पाणी मागायचीही चोरी होती." चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी कळशी मुलांकडे सरकवली. फत्तेखानाची जागा आणि ही कळशी, दोन्ही आमच्या मनात एकत्रच राहतील.

जेवता जेवता दासगाव परिसरातल्या माणसांच्या गोष्टी मुलांना सांगितल्या. या गावाशी घराचे नाते असलेले कॉम्रेड रा. बा. मोरे. जन्म १९०३, महाड तालुक्यातच, लाडवलीचा. हुशार मुलगा, शिष्यवृत्ती मिळवलेली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून दार बंद केले. पोराने गप्प न बसता लेखी तक्रार केली आणि प्रवेश मिळवला. हाच मुलगा मोठा होऊन महाडच्या पहिल्या परिषदेची खटपट करणाऱ्यांत पुढे होता. त्याच्याही आधीचे रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. पलटणीतून पेन्शन घेऊन आले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. म्हणजे महाडची ठिणगी १९२७ साली आकाशातून पडली नाही. या खाडीकाठच्या गावांत ती चाळीस वर्षे राखेखाली धुमसत होती. आणि खाडीच्या दक्षिण अंगाला मंडणगड तालुका, त्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. 'पद्मावती' खाडीत शिरली तेव्हा तो मुलूख बाबासाहेबांच्या उजव्या हाताला होता.

बोलता बोलता तासभर गेला. एक मुलगी ओरडली, "काका, होडी हलली!" पाहतो तर खरेच. चिखल दिसेनासा झाला होता. पाणी आवाज न करता चढत आले होते आणि आडव्या पडलेल्या होड्या सरळ होऊन डुलत होत्या. मावशी काठावर उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाण्याकडे हात करून म्हणाल्या, "असं पाणी असंल तेव्हा. आता पटलं."

दगडावरची नावे

मावशींना आणि आजोबांना गाडीत बसवले. बाकीचे आम्ही चालत निघालो. पाच मैल. कबूल केले पाहिजे की, महामार्गावरून मुले घेऊन चालणे धोक्याचे आहे. ट्रक अंगावरून जातात. आम्ही कडेकडेने, एका रांगेत, पुढे-मागे एकेक मोठा माणूस ठेवून गेलो. वाटेत डोंगराकडे पाहून आम्ही थोडे थांबलो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत इथे दरड कोसळून दासगावची माणसे गाडली गेली. त्यांना मान लववली.

महाड जवळ आले की रस्त्यालगतच्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी दिसतात. तीसच्या आसपास लेणी आहेत आणि सारी बौद्ध. आपल्या गाड्या इथेही क्वचितच थांबतात. वर चढलो, बुद्धवंदना घेतली आणि ओसरीत बसून खाली पाहिले. खालून नदीची वळणे दिसतात. तेव्हा लक्षात आले की, ही लेणी इथे का आहेत. बंदराहून घाटाकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर भिक्खूंची ही वर्षावासाची जागा होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कोकण किनाऱ्यावरच्या 'पलैपतमई' नावाच्या बंदराचा उल्लेख आहे. ते म्हणजे हेच पाले, असे काही अभ्यासक मानतात. ते काही असो, पण खाडीतून आलेल्या पैशाचा वाटा डोंगरातल्या संघाला मिळत होता, हे इथल्या लेखांवरून दिसते. एका लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याचे नाव आहे, दुसऱ्यात संघरक्षित नावाच्या श्रेष्ठीचे. दान देणाऱ्याचे नाव दगडात कोरलेले आहे आणि जवळजवळ दोन हजार वर्षे टिकलेले आहे.

तिथे बसून आम्हाला एकच प्रश्न छळू लागला. या लेण्यांखालून २५ डिसेंबर १९२७ च्या दुपारी तीन हजार माणसे गेली. परिषदेत सत्याग्रहासाठी आणि वेळ पडली तर तुरुंगासाठी जवळजवळ चार हजारांनी नावे नोंदवली होती. इतिहासाच्या पुस्तकात हा आकडा आहे. पण त्यातली किती नावे आपल्याला माहीत आहेत? पुढाऱ्यांची आठ-दहा सोडली, तर पुढे आपल्याला काही आठवत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या श्रेष्ठीचे नाव आम्ही वाचू शकतो आणि शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या पणजोबाचे सांगू शकत नाही!

लेण्यांखाली गाडीत थांबलेल्या मावशींना खाली आल्यावर विचारले, "तुमच्या सासऱ्यांचे नाव आम्ही लिहून घेऊ का?" त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही." आमच्या खिशात कचेरीतली छोटी वही होती. तिच्यात मावशींनी सांगितले ते नाव, गाव, मुंबईतले काम आणि त्यांनी ऐकलेली हकीगत लिहिली. सासरे त्या वेळी विशी-बाविशीचे, गोदीत हमाल. घोंगडी आणि थाळी घेऊन बोटीत बसले होते. दासगावला उतरल्यावर साहेबाची मोटार पाहून सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. कोणीतरी म्हणाले, "साहेबांना धरून नेलं." तेव्हा दुसरा म्हणाला, "मग तर चाललंच पाहिजे." आणि मोर्चा निघाला.

हे शेवटचे वाक्य कोणत्याही चरित्रात नाही. खरे की खोटे, ते आम्ही ठरवू शकत नाही. एका घरात ऐंशी-नव्वद वर्षे जपलेली ही आठवण आहे, एवढेच म्हणतो आणि तशीच तिची नोंद करतो. पण एकदा मावशींना 'घोळ' म्हणून गप्प बसवले होते, ते पुन्हा करणार नाही.

संध्याकाळी चवदार तळ्यावर पोचलो. पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतले. एरवी गाडीतून उतरून घेतलेले पाणी आणि पाच मैल चालून घेतलेले पाणी यात फरक असतो, हे त्या दिवशी मुलांना आम्ही सांगावे लागले नाही. त्यांना एवढेच सांगितले की, त्या डिसेंबरात इथे पाणी न घेताच लोक परतले. कोर्टाचा हुकूम होता, म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला आणि लोकांनी तळ्याला शांतपणे फेरी घातली. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. बंदरावर उतरणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो निकाल पाहिलाही नसेल.

आता करायचे काय?

या स्तंभात नुसते वर्णन करून थांबायचे नाही, असा आमचा शिरस्ता आहे. म्हणून वाचकांपुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, महाडला जाणाऱ्या गाडीने दासगावला अर्धा तास तरी थांबावे. खर्च काही नाही. जाण्याआधी भरतीची वेळ पाहून घ्यावी. आमच्यासारखे चिखल पाहून निराश होऊ नये. लहान मुलांना पाण्याच्या काठाशी एकटे सोडू नये. नदी शांत दिसते, पण भरती चढताना ती ओढ लावते. चालत जायचे असेल, तर मोठ्या माणसांनी आधी पोलीस ठाण्यात कळवून, रांगेने आणि दिवसाउजेडी जावे. गांधारपाल्याला लेण्यांत कचरा करू नये आणि भिंतीवर नावे लिहू नयेत. आपली नावे लिहायची जागा दुसरी आहे.

ती जागा म्हणजे दुसरी गोष्ट. प्रत्येक विहारात दोनशे पानी एक वही ठेवावी. महाड, काळाराम, नागपूरची दीक्षा, नामांतर, यांपैकी कोणत्याही लढ्यात आपल्या घरातले जे कोणी होते त्यांचे नाव, गाव, काम आणि सांगितलेली गोष्ट त्यात लिहावी. सांगणाऱ्याचे नाव, ऐकणाऱ्याचे नाव आणि तारीख टाकावी. पुस्तकात आहे ते वेगळे लिहावे, घरात ऐकलेले वेगळे. दोन्हींची सरमिसळ करू नये. हे कारकुनी काम आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण चळवळीचे अर्धे काम कारकुनीच असते आणि ते कोणी तरी करावेच लागते.

तिसरी, आणि ही खास घरातल्या बायांसाठी. अशा आठवणी बहुतेक सुनांनी आणि लेकींनी जपलेल्या असतात. पुरुष सभेत बोलतात, बाया चुलीपाशी ऐकतात आणि लक्षात ठेवतात. २५ डिसेंबर हा दिवस आपण भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी व्यासपीठावर आमच्यासारख्यांना कमी वेळ द्या. एखाद्या आजीला खुर्चीवर बसवा, तिच्या हाती माइक द्या आणि वही उघडून समोर बसा.

२५ डिसेंबर २०२७ ही 'पद्मावती' दासगावला लागल्याच्या शताब्दीची तारीख आहे. त्या दिवशी मोठे सोहळे होतील, मोठी माणसे येतील, यात शंका नाही. आमची इच्छा लहान आहे. त्या दिवशी दासगावच्या काठावर उभे राहून आपापल्या वहीतली नावे मोठ्याने वाचावीत. आमच्या वहीत सध्या सात नावे झाली आहेत. पहिले नाव मावशींच्या सासऱ्यांचे.

तुमच्या घरातले नाव अजून लिहिले गेले नसेल, तर आज रात्री जेवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. उद्यावर टाकू नका.

जय भीम!